परिपथ निर्दोष आहे

सोमवार, १३ जानेवारी २०२५

आज कॉलेजात जाऊन एक 'हो' म्हणून आलो. त्या 'हो'ची खरी किंमत अशी : एक पांढरा शर्ट (लॅबच्या टेबलाला ताजा रंग होता, शिपायाने मागून ओरडून सांगितलं म्हणे, मला तर कोणी काही सांगितलं नाही), अर्धा दिवस, गाळ्यावर तशाच पडून राहिलेल्या तीन मोटरी, माझा कारागीर नेल्सन याचा फुगलेला चेहरा आणि बायकोचं, आशालताचं, एक वाक्य. "तुम्हाला नाही म्हणता येतं का हो कधी?"

नाही येत. आणि आज तर मुळीच म्हणायचं नव्हतं.

महिन्यापूर्वी अश्लेषा मॅडम कॉलेजच्या लॅबमधली जळलेली मोटर रिक्षात घालून वालीवला आमच्या गाळ्यावर आल्या. पदार्थविज्ञान शिकवतात, वय तिशीच्या आत, पाठीला सॅक. नेल्सन तेव्हा सिरीजचा बल्ब लावून एक मोटर तपासत होता. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं औजार. मोटरच्या वायरीत मध्येच एक साधा बल्ब जोडायचा. झगझगीत पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर ठीक, पेटलाच नाही तर वायर तुटलेली. मॅडम तासभर उभ्या राहून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "काका, मी वर्षभर फळ्यावर जे शिकवते ते तुम्ही एका बल्बवर करताय."

आता कॉलेजला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षासाठी नवा विषय सुरू करायचाय, 'विद्युत परिपथ विश्लेषण'. म्हणजे सर्किटमध्ये करंट कुठून किती जातो, का जातो आणि का जात नाही, याचा हिशेब. प्रस्ताव मॅडम लिहिणार. त्यावर बसणाऱ्या अभ्यास मंडळात धंद्यातला एक माणूस लागतो. विभागप्रमुख जितेंद्र सरांनी मला बोलावलं. मी म्हटलं, साहेब, मी आयटीआय वायरमन. ते म्हणाले, म्हणूनच.

फाटकातून बाहेर पडताना कॉलेजचा पाण्याचा पंप चालू होता. मी वॉचमनला चालता चालता सांगितलं, एक फेज कमी येतोय, बघून घ्या. दुपारी सरांचा फोन, खरंच फ्यूज ढिला होता. छत्तीस वर्षं मोटरी भरतोय. कानाने सांगितलेला दोष एकदाही चुकला नाही, आमच्याकडून गेलेली एकही मोटर आवाज करत परत आली नाही. सप्लायरने दिलेली ही डायरी दरवर्षी कोरी राहते, यंदा सुरुवात झालीच आहे तर हे पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

शुक्रवार, १७ जानेवारी

शुक्रवारी वालीवचे सगळे कारखाने बंद. मॅडम सकाळी दहाला घरी आल्या आणि आम्ही डायनिंग टेबलावर अभ्यासक्रम मांडला. म्हणजे मी बोललो, त्यांनी लिहिलं. मग त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ते माझंच आहे हे मला पटेना, इतकं चांगलं होतं.

त्यांनी एक नियम सांगितला, किरचॉफ नावाच्या गृहस्थाचा. सांध्यात जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो. मी म्हटलं, हे आमच्या सोसायटीला शिकवा. टाकीतून तीन विंगला पाणी सुटतं, बी विंग रोज ओरडते की आमचं पाणी ए विंग पिते. पाणी कोणी पीत नाही, बी विंगच्या पाइपात गंज धरलाय, तिथे अडतं, म्हणून बाकीच्यांकडे जास्त जातं. मॅडमचं पेन थांबलं. म्हणाल्या, "काका, हा रोध. आणि हे समांतर जोडणीचं पहिलं उदाहरण. असंच्या असं घालते."

साठीला आलो, आणि बी विंगच्या गंजामुळे माझं वाक्य कॉलेजच्या पुस्तकात जाणार.

आशालताने पोहे वाढता वाढता त्यांच्याकडून बाकीचं काढून घेतलं. मी चार भेटींत विचारलं नव्हतं. मॅडम नोकरीत कायम नाहीत, तासिका तत्त्वावर आहेत. जितके तास शिकवतील तितक्याचा मोबदला. जूनपासून दोन वर्ग एकत्र होणार, त्यांचे सोळा तास चारावर येणार. नवा विषय मंजूर झाला तर तो त्यांच्याकडे. नाही झाला तर त्या बोळिंजच्या घरी आईला सोडून कुठेतरी बाहेर नोकरी बघणार. हे सगळं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं.

मग आशालता स्वयंपाकघरातून चिडून आली. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, माणूस हाताच्या अंतरावर बसलाय आणि गॅस बंद करत नाही. मॅडम दोनदा उठू लागल्या होत्या, मीच त्यांना आकृतीत गुंतवून ठेवलं. पण कुकरही हल्लीचे कसले, जुन्याची शिट्टी खालच्या मजल्यावर ऐकू यायची.

शुक्रवार, २४ जानेवारी

बंदच्या दिवशी दोघेच गाळ्यावर गेलो, मी आणि नेल्सन. अर्नाळ्याच्या बर्फ कारखान्याची मोटर भरून द्यायची होती. नेल्सन पाचूबंदरचा, घरी भावाची होडी, पण याला समुद्र लागतो. बावीस वर्षं माझ्याकडे आहे. मी त्याला किरचॉफचा नियम समजावून सांगितला. ऐकून म्हणाला, "त्यात काय शेठ, जेवढा आला तेवढा गेला. ये तं आपल्याला म्हाईत होतंच. नाव त्याचं कसं लागलं?"

विषयाचं नाव सांगितलं तर हसला. "सर्किट लोकांसाठी कॉलेज कशाला पायजे? वालीवचा एक फेरा मारला की बस."

मोटर बांधून झाली तर हा पुन्हा उघडतोय. "बेरिंग पन बदलतो, शेठ." मी म्हटलं, काही गरज नाही, कान लावून बघितलंय मी, लोण्यासारखी चालतेय. मी चहा घेऊन आलो तोवर बदललं होतं. बेअरिंग बदलायची याला हौसच आहे. भल्याभल्या कारागिरांना अशी एखादी खोड असते, बोलून उपयोग नसतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज अभ्यास मंडळाची बैठक. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. अकराला कॉलेजात पोचलो तर विभागाला कुलूप. शिपाई म्हणाला, बैठक काल झाली.

मला मॅडमनी स्वतः सांगितलं होतं, आठ तारीख. जिन्यात, मुलांच्या गलक्यात, पण मी नीट ऐकलं होतं. त्या म्हणतात सात सांगितली होती.

आणि कालच्या बैठकीत प्रस्ताव परत आला. धंद्यातला माणूसच हजर नाही, मग धंद्याला या विषयाची गरज आहे हे कोण सांगणार? असं कोणीतरी विचारलं, आणि त्याचं उत्तर देणारी खुर्ची रिकामी होती. माझी.

वर लेखी हरकती. सिरीजचा बल्ब धोकादायक आहे, ठीक. पण पाचव्या प्रयोगात मी लिहायला सांगितलं होतं, 'एक मोटर भरणे'. म्हणजे जुनी तार काढून नवं वाइंडिंग करणे. त्यावर एका विद्वानाने समासात लिहिलंय, "मोटर कशाने भरावयाची, पाण्याने की तेलाने, याचा खुलासा व्हावा." मला हसूही येईना.

मॅडम आल्या. मी रागातच होतो, म्हटलं, तुम्ही सगळी हल्लीची मंडळी तोंडातल्या तोंडात बोलता. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीच काका. मी लिहून द्यायला हवं होतं."

रागावलो याचं वाईट वाटलं. पण चूक त्यांनी कबूल केली हे बरं झालं.

रविवार, ९ फेब्रुवारी

अजून दार बंद नाही. पंधरा मार्चला कॉलेजच्या विद्या परिषदेची बैठक आहे. सुधारलेला प्रस्ताव तिथे थेट ठेवता येतो, पण दोन अटी. धंद्याकडून गरजेची पत्रं, आणि परिषदेसमोर एक प्रत्यक्ष प्रयोग. तिथे राहिलं तर पुढच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत विषय नाही, म्हणजे मॅडम नाहीत.

पत्रं माझ्याकडे लागली. उद्यापासून वालीव पालथं घालतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सत्तावीस पत्रं! सत्ताविसावा प्लास्टिकच्या डब्यांचा कारखानावाला म्हणाला, "प्रल्हादशेठ, पत्र कशाला, मुलगाच घेऊन जा, बी.एस्सी. झालाय, घरात ट्यूबलाइट बदलत नाही." त्यालाही पत्रात तेच लिहायला लावलं, जरा सभ्य भाषेत. एकाने विचारलं, यातून मला काय मिळणार? मी म्हटलं, चार वर्षांनी तुझी मशीन बंद पडेल तेव्हा मला फोन लावायच्या आधी कोणीतरी डोकं लावेल. तो म्हणाला, मग तुमचं काय होणार? मी म्हटलं, मी आराम करीन. सही केली.

बारा दिवसांत जेवढा फिरलो तेवढा धंदा सुरू केला तेव्हाही फिरलो नव्हतो. पाय दुखतात आणि मजा येते. खूप मजा येते.

मॅडमनी हरकतींची उत्तरं लिहिली. बल्बाच्या पुढे संरक्षक स्विच घातला, 'मोटर भरणे'च्या पुढे 'तांब्याच्या तारेने' असं लिहून टाकलं. हल्ली त्या प्रत्येक गोष्ट मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून पाठवतात, तारीख, वार, वेळ. "शनिवार, १५ मार्च, सकाळी ११." बोलायचं असलं की येऊन बरोबर समोर बसतात, डोळ्यांत बघून, सावकाश बोलतात. एवढ्या शिकलेल्या पोरीने आपल्याला हा मान द्यावा, बरं वाटतं.

सोमवार, १० मार्च

मॅडमना पुण्याच्या एका कंपनीतून पत्र आलंय. वीस तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं. त्यांनी मला सांगितलं नाही, कॅन्टीनमध्ये पलीकडच्या टेबलावर जितेंद्र सर कोणाला तरी सांगत होते, त्यांचा आवाज भरदार आहे, माझ्या कानातून सुटला नाही.

प्रयोग मी ठरवलाय. गाळ्यावर दुरुस्तीला आलेली एक बिघडलेली मोटर तशीच परिषदेसमोर न्यायची. आधी मी कानाने दोष सांगणार, मग मॅडम मीटर लावून तोच दोष आकड्यांत सिद्ध करणार. अनुभव आणि शास्त्र, दोन्ही एका टेबलावर! मॅडम जरा घुटमळल्या. "काका, आधी मीच मोजते ना, मग तुम्ही सांगा." मी म्हटलं, मग त्यात गंमत काय राहिली?

नेल्सनला बजावलं, चांदीपच्या भाताच्या गिरणीची मोटर काल आलीये, तीच न्यायची, आणि तिला हात लावायचा नाही. बेअरिंगला तर अजिबात नाही. बिघाड आहे तसा पाहिजे.

"बेरिंगला पन नाय?" त्याने दोनदा विचारलं.

शनिवार, १५ मार्च

जसं झालं तसं लिहितो.

लॅबमध्ये अकरा माणसं, मागे विद्यार्थ्यांची रांग. मध्यभागी ग्लोरिया मॅडम, परिषदेच्या बाहेरच्या तज्ज्ञ, वसईगावच्या, निवृत्त प्राध्यापक, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. सत्तावीस पत्रं त्यांनी खरंच वाचली होती. ट्यूबलाइटवालं मोठ्याने वाचून दाखवलं.

मोटर चालू केली. मागच्या पोरींनी कानांवर हात ठेवले, एकीने तर डोळे मिटले. हल्लीच्या मुलांना यंत्राची सवयच नाही. मी पुढे झालो, हात मागे बांधले, कान दिला. खाली एक जड घुमणं होतं, हुंऽऽ असं. शांतपणे सांगितलं, "वाइंडिंग. एका फेजचे वेढे आपसांत भिडलेत. ही मोटर भरावी लागेल."

नेल्सन दाराशी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

अश्लेषा मॅडमनी तिन्ही वायरींना आळीपाळीने मीटरचा चिमटा लावला. फळ्यावर आकडे लिहिले : २.१, २.१, २.२. मोटर बंद करून तिन्ही वाइंडिंगचा रोध मोजला. तोही सारखा. पुन्हा मोजला. मग खडू हातात धरून उभ्या राहिल्या. पाच-सात सेकंदच, पण मला कळलं की त्या काहीतरी ठरवतायत. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सांगा सांगा, बरोबर आलं ना.

त्या माझ्या बरोबर समोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "काका, वेढे भिडले असते तर एक आकडा वर गेला असता. तिन्ही सारखे आहेत. परिपथ निर्दोष आहे. दोष विजेचा नाही."

मी म्हटलं पुन्हा चालू करा. केली. पुन्हा ते घुमणं, आणि पुन्हा पोरींचे हात कानांवर.

ग्लोरिया मॅडमनी विचारलं, "मग मिस्टर रहाटे, हा आवाज कसला येतोय?"

मी विचारलं, "कसला आवाज?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मागून एक मुलगा हसला, मग सगळेच हसले. त्यांना वाटलं मी मास्तरासारखा परीक्षा घेतोय, म्हणून मीही हसलो. अश्लेषा मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत, आणि नेल्सन.

मोटर उघडली. वाइंडिंग नव्यासारखं. बेअरिंग कोरडं पडलेलं, आतल्या गोळ्यांना खड्डे.

मी म्हटलं, माझं चुकलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणतोय म्हणून जरा अडखळलो. ग्लोरिया मॅडम म्हणाल्या, "आज तुमच्या भरवशावर गिरणीवाल्याने चांगली मोटर फोडून भरली असती. या मुलीने सहा आकडे मोजून ती वाचवली. हा विषय कशासाठी हवा, हे मला आता कोणी सांगायला नको." मग त्या अश्लेषा मॅडमकडे वळल्या. "ज्यांच्या जोरावर प्रस्ताव आणलात त्यांनाच चूक ठरवलंत. भीती नाही वाटली?"

"वाटली," त्या म्हणाल्या. "पण आकडे तेच होते."

विषय एकमताने मंजूर. जूनपासून सुरू. चार श्रेयांक, आठवड्याला दहा तास, दोन तुकड्या. पाचवा प्रयोग, तांब्याच्या तारेने मोटर भरणे, कायम.

मी पेढे आधीच आणून ठेवले होते. वाटले. माझी चूक झाली आणि विषय पास झाला, यात दुःख करायचं की नाचायचं ते कळेना, म्हणून पेढेच जास्त खाल्ले. जरा धांदल होती, अकरा लोक बघत होते, त्यात माणसाचं लक्ष उडतं. एवढंच झालं असणार.

रविवार, १६ मार्च

सकाळी मॅडमचा मेसेज. "पुण्याला 'नाही' कळवलं. धन्यवाद काका." खाली दुसरा, जरा वेळाने आलेला. "रागावणार नसाल तर एक सुचवू? एकदा कान तपासून घ्या."

आशालताला दाखवला. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "दोन वर्षं कुकरची शिट्टी मोजायला मी तुम्हाला सांगत नाही. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मला वाटलं होतं, तिला माझी मदत नको असते.

शनिवार, २२ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाड आवाज आले, पटापट दाबत गेलो, म्हटलं बघा. मग आवाज थांबले. बराच वेळ झाला तरी पुढचा येईना, म्हणून काचेवर टकटक केलं, मशीन बंद पडली काय विचारायला. बाहेरच्या मुलीने हाताने खूण केली, चालू आहे.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडे वर, मग उतार, मग तळाला. जाड आवाज अजून उत्तम ऐकू येतात : मोटरचं घुमणं, पंप, जितेंद्र सर. बारीक, किरकिरे आवाज जवळजवळ नाहीत : शिट्टी, 'सात'मधला स, कोरड्या बेअरिंगचं किंचाळणं. विचारलं, कधीपासून? म्हणाले, हे एका वर्षात होत नाही, दहाएक वर्षं तरी असेल, कारखान्यात काम करता का? कानाला मशीन लावून घ्या. लावतो. जूनमध्ये मॅडमच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी काढलीये, ऐकू यायला पाहिजे.

तिथून सरळ गाळ्यावर गेलो. नेल्सन चांदीपची मोटर बांधत होता. कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

मी म्हटलं, दहा वर्षं बेअरिंग ओरडत होती आणि मी लोण्यासारखी चालतेय म्हणत होतो. मग एकही मोटर आवाज करत परत कशी आली नाही?

तो स्क्रू आवळत राहिला. मग मान वर करून, माझ्या तोंडासमोर, मला ऐकू येईल असं म्हणाला, "दोन हजार चौदापासून आपल्या गाळ्यातून जुन्या बेरिंगची एक पन मोटर भायेर गेली नाय, शेठ."